‘पानगळ’ : एका कृषिसंज्ञेचे परीक्षण

शेतीविषयक मराठी लेखनात ‘पानगळ’ ही संज्ञा फार सैलपणे योजिली जाते. वृक्षांची ऋतुमानानुसार होणारी पानझड, करप्याने वाळलेली पाने, अळीने खाल्लेली पाने आणि गारांनी फाटलेली पाने या सर्वांस तो एकच शब्द लावण्यात येतो. वस्तुतः ‘गळणे’ हे अकर्मक क्रियापद होय. पान आपल्या वेळी आपणच गळते. गार पान फाडते, अळी पान खाते; तेथे पान हे कर्म असून कर्ता निराळा असतो. ‘पानगळ’ म्हणताच हा कर्ता लोपतो, आणि त्याबरोबर काळाचा निर्देशही लोपतो.

सूर्यफुलाच्या बाबतीत काळाचा लोप विशेष बाधक ठरतो. श्नायटर व मिलर यांनी १९८१ मध्ये या पिकाच्या वाढीच्या शाकीय व पुनरुत्पादक अवस्थांना क्रमांक दिले. कळी धरण्यापूर्वी काही पाने गेली, तर पुढे उमलणारी पाने ती उणीव बरीचशी भरून काढतात. कळी ते फुलोरा व त्यानंतरचा दाणे भरण्याचा आरंभकाळ यांत मात्र नवी पाने येत नाहीत. तेव्हाची हानी दाण्यांची संख्या, वजन व तेल यांवर उतरते. त्यातही वरच्या पानांचे महत्त्व अधिक. फुलाची पाठ पिवळी पडल्यावर पाने गेली, तर नुकसान अल्प असते. तात्पर्य, निम्मी पाने गेली म्हणजे निम्मे उत्पन्न गेले, असे समीकरण मांडता येत नाही.

सूर्यफूल हे शिंदखेडा तालुक्याचे प्रमुख पीक नव्हे. परंतु पंचनाम्याची भाषा सर्व पिकांस सारखीच लागू पडते. २०१५ पासून केंद्राच्या निकषांनुसार ३३ टक्के वा त्याहून अधिक पीकहानीस साहाय्य मिळते. पूर्वी ही मर्यादा ५० टक्के होती. अशा वेळी ‘पानगळ झाली’ एवढीच नोंद अपुरी ठरते. पान नैसर्गिक रीतीने गळले, की आपत्तीने गेले, आणि कोणत्या अवस्थेत गेले, हे तीतून कळत नाही.

यावर ‘पर्णहानी’सारखा संस्कृत शब्द घडविणे हा पुरेसा उपाय नव्हे, तोही कर्त्याविषयी व काळाविषयी मौनच पाळतो. पाने फाटली, खाल्ली, करपली, झडली हा भेद शेतकऱ्याच्या बोलण्यात मुळातच आहे. ग्रांथिक संज्ञेने तो पुसून टाकला. ‘फुलोऱ्यात गारांनी वरची पाने फाटली’ हे साधे वाक्य कोणत्याही पारिभाषिक शब्दाहून अधिक शास्त्रीय आहे. कृषिलेखकांनी नामापेक्षा क्रियापदावर भर दिला, तर अर्थाची व न्यायाची दोहोंची सोय होईल.