भोजची निःशब्द रेषा

वेदगंगा आणि दूधगंगा जिथे मिळतात, त्या निपाणीजवळच्या भोज गावात 29 जुलै 1925 रोजी हास्यचित्रकार शि. द. फडणीस जन्मले. गाव तेव्हा मुंबई इलाख्यात होतं; 1956 मध्ये बेळगाव जिल्ह्याबरोबर ते म्हैसूर राज्यात गेलं. पाटीवरचं अक्षर मराठी की कन्नड, यासाठी माणसं रस्त्यावर उतरतात असा हा मुलूख. इथे जन्मलेल्या चित्रकाराचं उत्तम काम अक्षराविना उभं आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं. भोजमुळेच ते शब्द टाळू लागले, असं म्हणणं ओढाताणीचं होईल. पण त्यांचं चित्र निपाणीच्या मराठी घरात कळतं तसंच चिकोडीच्या कन्नड घरातही कळतं.

शिक्षणासाठी कोल्हापूर, मग मुंबईचं जे. जे. कला महाविद्यालय, आणि पुढे अनंत अंतरकरांची ‘हंस’, ‘मोहिनी’, ‘नवल’ ही मासिकं. 1952 च्या ‘मोहिनी’चं मुखपृष्ठ आठवा. तरुण आणि तरुणी. एकाच्या कपड्यांवर मांजरं, दुसऱ्याच्या कपड्यांवर उंदीर. बस्स. आधी जोडी दिसते, मग कापडाची नक्षी, आणि नक्षीतला अर्थ लागला की हसू येतं. हा क्षणाचा उशीर फडणीसांनी हिशेबाने ठेवलेला असतो. सपाट रंग, शांत रेषा. चेहऱ्यांची मोडतोड जवळजवळ नाहीच. विसंगती माणसाच्या नाकात नाही, त्याच्या परिस्थितीत आहे.

पॅरिसचा व्यंगचित्रकार सेम, म्हणजे जॉर्ज गूर्सा (1863-1934), नेमका उलट. घोड्यांच्या शर्यती, उंची उपाहारगृहं, तिथले उमराव आणि नट्या यांना त्याने नावानिशी पकडलं. रेषा विलक्षण चपळ. पण ते चेहरे विसरले गेले, तशी चित्रांतली निम्मी गंमत टिपांवर विसंबली. आपल्याकडे 1960 साली ‘मार्मिक’ साप्ताहिक निघालं. त्यातली बाळासाहेब ठाकरे यांची व्यंगचित्रं या ओळखीच्या चेहऱ्याच्या परंपरेतली, आणि मराठी वाचकाने व्यंगचित्र म्हणजे राजकारण हे समीकरण तिथून पक्कं केलं. फडणीसांचं निनावी माणूस-चित्र त्यामुळे ‘हलकंफुलकं’ ठरलं. हा अन्याय आहे. नाव नसलेला माणूस जुना होत नाही.

त्यांच्या मर्यादाही आहेत. त्यांच्या तरुणी बहुतेक एकाच देखण्या साच्यातल्या, आणि जग मुख्यतः शहरी मध्यमवर्गाचं. ज्या निपाणीत 1981 साली तंबाखू उत्पादकांनी महामार्ग अडवला, जिथे बायका सुपात पानं घेऊन विड्या वळतात, ती निपाणी या जगाच्या बाहेर राहिली. पुढच्या हास्यचित्रकारांनी तरी तिकडे पाहायला हवं होतं. आज दिवाळी अंक चाळले तर बहुतेक हास्यचित्रांत माणसं नुसती बोलताना दिसतात; डोक्यावरचा फुगा झाकला तर खाली काही उरत नाही. शब्दाविना विनोद रचायला लागणारी मेहनत, त्यासाठी संपादकाने धरायचा धीर, मुखपृष्ठावर मोकळी सोडलेली जागा, हे सगळं आटलं आहे.

फडणीसांनी मात्र जागा वाढवत नेली. 1965 मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीत ‘हसरी गॅलरी’ हे प्रदर्शन लावून त्यांनी मासिकातलं चित्र भिंतीवर नेलं. आणि पुढे ते नेलं बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकात, जिथे पोरं उदाहरणाच्या आधी चित्र बघायची आणि मग निमूट पाटी पुढे ओढायची.