संग्रहालयातील बंदूक : घडणीची साक्ष आणि तिची मर्यादा

औद्योगिक इतिहासाच्या संग्रहालयात ठेवलेली जुनी बंदूक ही अभ्यासकाला पेचात टाकणारी वस्तू होय. शस्त्रागारात ती पराक्रमाची खूण म्हणून मांडली जाते. येथे मात्र तिने आपल्या घडणीची साक्ष द्यावी, अशी अपेक्षा असते. ही अपेक्षा कितपत रास्त आहे, हे अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात विंडसर येथे असलेल्या अमेरिकन प्रिसिजन म्युझियमच्या उदाहरणावरून तपासून पाहता येते. १९६६ साली स्थापन झालेले हे संग्रहालय १८४६ मध्ये उभारलेल्या रॉबिन्स आणि लॉरेन्स यांच्या विटांच्या कारखान्यातच वसले आहे. याच कारखान्यात घडलेल्या रायफली तेथे यंत्रांच्या सान्निध्यात पाहावयास मिळतात.

या रायफलींपैकी १८४१ च्या नमुन्याच्या रायफलीचे महत्त्व तिच्या सुट्या भागांत आहे. एका बंदुकीचा कोणताही भाग, कानस न लावता, त्याच नमुन्याच्या दुसऱ्या बंदुकीत बसावा, या गुणास परस्परविनिमेयता म्हणता येईल. १८५१ च्या लंडन येथील प्रदर्शनात या कारखान्याने सहा रायफली मांडल्या आणि त्यांनी ब्रिटिश तज्ज्ञांचे लक्ष वेधून घेतले. पुढे १८५४ मध्ये ब्रिटिश समिती अमेरिकेत आली. स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्यात तिने निरनिराळ्या दहा वर्षांतील दहा बंदुका सोडवून घेतल्या आणि त्यांचे भाग एकत्र मिसळून केवळ पेचकसाच्या साहाय्याने त्या पुन्हा जुळवून घेतल्या. यानंतर एनफील्ड येथील कारखान्यासाठी अमेरिकन यंत्रे मागविण्यात आली. त्यांतील पुष्कळशी विंडसरची होती.

वस्तूची साक्ष कागदाच्या साक्षीहून कशी वेगळी पडते, हे एली व्हिटनीच्या कथेवरून ध्यानात येते. १७९८ मध्ये दहा हजार बंदुकांचा करार मिळविणारा व्हिटनी हा परस्परविनिमेयतेचा जनक, असे दीर्घकाळ मानले जात होते. १९६० मध्ये रॉबर्ट वुडबरी यांनी या समजुतीचे ऐतिहासिक आधार तपासून तिला आख्यायिका ठरविले. विंडसरच्या संग्रहालयाचे संस्थापक एडविन बॅटिसन यांनी तर व्हिटनीची बंदूकच सोडवून पाहिली. तिच्या भागांवर स्वतंत्र खुणा आढळल्या. जो भाग कोठेही बसतो, त्याला आपल्या जोडीदाराची खूण बाळगण्याचे कारण नसते. जे करारपत्रांतून आणि स्तुतिपर चरित्रांतून कळत नव्हते, ते लोखंडावरील बारीक खुणांनी सांगितले. औद्योगिक संग्रहालयाच्या दृष्टीचे हे निःसंशय मोठे यश होय.

परंतु येथेच एक उणीव जाणवते. काचेच्या कपाटातील जुळवलेली बंदूक ही साक्ष उघड करीत नाही. प्रेक्षकास दिसतो तो बाहेरचा दस्ता आणि नळी. भाग सोडवून, ज्या मापकांनी ते तपासले जात त्या मापकांसह मांडल्याखेरीज परस्परविनिमेयता दिसत नाही. ती केवळ सूचनाफलकावर वाचावी लागते.

याहून गंभीर उणीव दृष्टिकोनाची आहे. शस्त्राकडे केवळ यंत्रविद्येचा नमुना म्हणून पाहिल्यास ही अचूकता कोणाला हवी होती आणि तिचा खर्च कोणी सोसला, हे प्रश्न मागे पडतात. रणांगणावर मोडलेली बंदूक तेथेच दुरुस्त व्हावी, ही सैन्याची गरज होती; आणि आरंभीची महाग यंत्रे, मापके व तपासणी यांचा भार सरकारी तिजोरीच उचलू शकत होती. बाजाराच्या मागणीतून ही पद्धती जन्मली नाही. विंडसरच्या कारखान्याची अखेरही हेच सांगते. क्रिमियन युद्धाच्या काळात त्याला १८५३ च्या नमुन्याच्या पंचवीस हजार एनफील्ड रायफलींचे काम मिळाले; युद्ध संपले, काम पूर्ण झाले नाही आणि कारखाना दिवाळखोरीत गेला.

याच नमुन्याची रायफल हिंदुस्थानातील पलटणींत आली, तेव्हा तिच्या घडणीचा निराळाच अर्थ प्रकट झाला. नळीच्या तोंडाने भरावयाची गोळी आटे असलेल्या नळीत सुलभ उतरावी, म्हणून काडतुसाच्या कागदास वंगण लावीत, आणि ते काडतूस दाताने फाडण्याची रीत होती. जानेवारी १८५७ मध्ये दमदम येथे या वंगणात गाय व डुक्कर यांची चरबी असल्याची वार्ता पसरली. १८५७ च्या उठावाची कारणे अनेक होती. तथापि आटे, वंगण आणि शिपायाचा धर्म यांची गाठ येथे एका काडतुसात पडली, हे नाकारता येत नाही. मापकाने नळीची मापे तपासता येतात. शिपायाच्या मनातील संशय त्याच्या कक्षेबाहेर राहतो.

तात्पर्य, संग्रहालयातील बंदुकीचे वाचन घडण, मागणी आणि उपयोग या तिन्ही अंगांनी व्हावयास हवे. घडणीच्या वाचनाने एका आख्यायिकेचे निरसन झाले, हे श्रेय मान्य करावेच लागते. पण उरलेली दोन अंगे वगळली, तर तीच दृष्टी दुसरी आख्यायिका निर्माण करते : यंत्रविद्या निष्पाप असून ती आपल्याच तर्काने पुढे जाते, ही ती आख्यायिका होय.