लांडगा कोणी काढला?

मागे एका चर्चासत्रात एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी असे विधान केले की, भीषण आणि सुंदर ही दोन्ही एका पात्रात नांदू शकत नाहीत. नांदतात असे वाटते तेव्हा त्यांतले एक दुसऱ्याची चाकरी करीत असते. त्यांच्या पाठीशी परंपरेचे बळ होते. 'साहित्यदर्पण'कार विश्वनाथाने शृंगाराचे विरोधी रस सांगताना त्यांत भयानक आणि बीभत्स या दोघांनाही बसवले आहे. म्हणजे ज्याच्याकडे मन ओढले जाते त्यालाच पाहून अंग शहारू नये, अशी ही व्यवस्था. रसांचीही पंगत ठरलेली. कोणी कोणाशेजारी बसायचे नाही तेही ठरलेले. मला उत्तर सुचत होते. परंतु ज्याच्या आधारे ते द्यायचे ते पुस्तक माझ्या पिशवीत अर्धेच वाचलेले होते, म्हणून मी गप्प बसलो. आता पुस्तक वाचून झाले आहे.

पुस्तक एमिल फेरिस या अमेरिकन चित्रकर्तीचे आहे. नाव 'माय फेव्हरिट थिंग इज मॉन्स्टर्स'. चित्रांतून सांगितलेली ही कादंबरी फँटाग्राफिक्स या प्रकाशनाने २०१७ साली काढली; दुसरा भाग २०२४ साली आला. मी इथे पहिल्या भागाविषयीच बोलणार आहे. काळ १९६० नंतरच्या दशकाचा शेवट, स्थळ शिकागो शहरातली अपटाउन ही गरिबांची वस्ती. नायिका कॅरन रेयेस, वय वर्षे दहा. ती स्वतःच्या वहीत स्वतःचे चित्र काढते ते 'वेअरवुल्फ' म्हणून. लांडगा होणारा माणूस, ही युरोपातली जुनी समजूत. मराठीत त्याला तयार शब्द नाही. मी 'लांडगामाणूस' म्हणतो. कॅरनला 'लांडगी' म्हणेन.

या पुस्तकाकडे मी चित्रकलेचा जाणकार म्हणून गेलो नाही. माझ्या घरात पहिली पदवी माझी. घरी रंगपेटी कधी आली नाही, चित्रकला म्हणजे शाळेतला एक तास. पाचवीत असताना गुरुजींनी 'राक्षस काढा' म्हणून सांगितले. सगळ्या वर्गाने एकच राक्षस काढला: काळा, जाड ओठांचा, पिंजारलेल्या केसांचा, लाल डोळ्यांचा. मीही तोच काढला आणि मला दहापैकी आठ गुण मिळाले. घरी येऊन वही उघडली तेव्हा ओसरीवर आजा बसला होता. मी वहीकडे पाहिले, आज्याकडे पाहिले आणि वही मिटली. गुणांचा आकडा वरून दिसत होता, म्हणून आज्याने विचारले, "काय काढलंस?" मी "झाड" म्हणालो. माझ्या आयुष्यातली ती पहिली समीक्षा, आणि तीही खोटी.

म्हणून लांडगामाणसाच्या चित्रासमोर माझा पहिला प्रश्न सौंदर्याचा नसतो. हे चित्र काढताना काढणारा कुठे उभा होता, हा असतो.

लुकास क्रानाख हा सॅक्सनीच्या राजदरबारचा चित्रकार. १५१२ च्या सुमाराचे त्याचे लाकडी ठशावरून छापलेले लांडगामाणसाचे चित्र प्रसिद्ध आहे. त्यात लांडगा नाहीच! एक माणूस दोन हात आणि दोन गुडघे यांवर रांगतो आहे. हात माणसाचे, चेहरा माणसाचा, केस विस्कटलेले. तोंडात मूल धरले आहे. भोवती माणसांच्या देहांचे तुकडे पडले आहेत. मागे घर आहे, घराच्या दारात आक्रोश करणारी बाई आहे, तिच्याजवळ लेकरे आहेत. आपण, म्हणजे पाहणारे, कोणाच्या बाजूने आहोत हे ते दार ठरवते. भय दारात आहे. रांगणाऱ्याला काय वाटते हे विचारण्याची सोय चित्रात ठेवलेली नाही.

हे चित्र मी मायला मोबाइलवर दाखवले. तिला अक्षर येत नाही, पण चित्र वाचता येते. तिने बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "ह्यो तर उपाशी माणूस दिसायलाय रं. येडा झालाय उपासानं." मुलाकडे बोट करून "लेकरू मातर गेलं बिचारं" असेही म्हणाली. क्रानाखने ठेवली नव्हती ती सोय तिने करून घेतली, आणि मेलेल्या लेकराला सोडलेही नाही. हे दोन्ही एका दमात करणे आमच्या कित्येक समीक्षकांना जमलेले नाही.

मायचा तर्क इतिहासाला सोडून नव्हता. १५७३-७४ च्या सुमारास फ्रान्श-कोंते प्रांतातल्या दोल येथे जिल गार्निए या इसमाला लांडगामाणूस ठरवून जाळण्यात आले. मुले मारून खाल्ल्याचा आरोप होता. तो रानात एकटा राहणारा, बायको आल्यावर दोन तोंडे भरता न येणारा कंगाल माणूस. १६०३ साली बोर्दोच्या न्यायालयापुढे ज्याँ ग्रेनिए हा गुराखी पोर उभा राहिला, वय तेरा-चौदा. आपण कातडे पांघरून लांडगा होतो असे तो स्वतःच सांगत होता. त्याला जाळले नाही, मठात आयुष्यभरासाठी ठेवले. त्यांनी गुन्हे केले की नाहीत याचा निवाडा मी करणार नाही. यातना देऊन कबुली घेण्याच्या त्या काळात तो करता येणार नाही. पण लांडगा कोणाच्या अंगावर चिकटत होता ते पाहा. आणि त्याच्याजवळ बाराव्या शतकातल्या मारी द फ्राँस हिच्या 'बिस्क्लाव्हरे' या कथाकाव्यातला लांडगा ठेवा. तो सरदार आहे. बायको त्याचे कपडे चोरते, म्हणून त्याला माणूस होता येत नाही. राजा शिकारीला येतो, लांडगा त्याच्या पायाशी लोळण घेतो आणि राजाला त्याच्यातली खानदानी ओळखू येते. त्याला दरबारात जागा मिळते, कपडे मिळतात, जमीन परत मिळते. तो तर आपल्या बायकोचे नाकही चावून तोडतो, तरी दोष तिचाच. सरदाराचा लांडगा सुंदर असतो. गुराख्याचा लांडगा न्यायालयात असतो. शृंगार आणि भयानक यांची पंगत कोणत्या पायावर बसली आहे, याचा थोडासा उलगडा इथे होतो.

आता फेरिसची वही. वही हा शब्द मी अलंकार म्हणून वापरीत नाही. पुस्तकाची पाने शाळकरी वहीच्या रेघांच्या कागदासारखी आहेत. बाजूला तारेची गुंडाळी, समासाची उभी रेघ. बहुतेक चित्रे साध्या बॉलपेनाने काढली आहेत. जे पेन आमच्यासारख्या घरांतही पोहोचले होते, तेच. बॉलपेनाला ब्रशासारखा डौल नसतो, आणि त्याची रेघ पुसता येत नाही. गडद करायचे तर रेघेवर रेघ, तिच्यावर तिरपी रेघ, अशी जाळी विणावी लागते. एका गालाची सावली म्हणजे शेकडो रेघा. ही चित्रे काढणारीचा हातही सहज चालणारा नव्हता. चाळिशीच्या उंबरठ्यावर डास चावून तिला वेस्ट नाईल हा विषाणूचा आजार झाला. कमरेखालचे शरीर लुळे पडले, चित्र काढण्याचा उजवा हात गेला. पेन हाताला चिकटपट्टीने बांधून ती पुन्हा काढायला शिकली. एका चाव्याने बदललेल्या शरीराची गोष्ट सांगण्याचा अधिकार तिला वेगळा सिद्ध करावा लागत नाही.

कॅरनचे चित्र पाहू. खालच्या जबड्यातून वर आलेले दोन सुळे, गालांवर केस, रुंद नाक. अंगावर गुप्तहेराचा लांब कोट, डोक्यावर हॅट. ठेवण १९४१ च्या 'द वुल्फ मॅन' या चित्रपटातल्या लांडगामाणसाकडून आली आहे. जॅक पिअर्सने याकचे केस चिकटवून लॉन चॅनी या नटाला तो चेहरा दिला होता. त्या चित्रपटात एक बारकावा आहे: लांडगामाणसाला ज्याचा बळी घ्यायचा त्याच्या तळहातावर तारा दिसतो. पटकथा कर्ट सिओडमाक याची. तो ज्यू, हिटलर सत्तेवर आल्यावर जर्मनी सोडून निघालेला. चित्रपट डिसेंबर १९४१ मधला, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात जर्मनीत ज्यूंना छातीवर पिवळा तारा लावण्याची सक्ती झाली होती. लेखकाच्या मनात काय होते ते बाजूला ठेवू. तारा दिसला की शिकार ठरते, ही गोष्ट पडद्यावरही होती आणि रस्त्यावरही.

म्हणून फेरिसच्या कादंबरीत लांडगीच्या घराच्या वरच्या मजल्यावर आंका सिल्व्हरबर्ग राहते, हे मला योगायोगाचे वाटत नाही. आंका बर्लिनची, नाझी छळातून वाचलेली ज्यू बाई. ती गोळी लागून मरते, पोलीस आत्महत्या म्हणून मोकळे होतात, आणि लांडगी कोट घालून तपासाला निघते. आंका निळ्या रंगात काढली आहे. पहिल्या भागाच्या मुखपृष्ठावर तिचाच चेहरा आहे. सुंदर? होय, निःसंशय. आणि पाहताना पोटात गोळा येतो हेही खरे. जवळून पाहिले की लक्षात येते, आंकाचा गाल ज्या रेघांच्या जाळीने विणला आहे त्याच जाळीने लांडगीचे केस विणले आहेत. कॅरन आपल्या भावाबरोबर शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये जाते आणि तिथली चित्रे वहीत उतरवते. बर्नात मार्तोरेलचे पंधराव्या शतकातले, संत जॉर्ज ड्रॅगनला मारतो ते चित्रही त्यांत आहे. संत, ड्रॅगन, मेलेली बाई, वस्तीतली माणसे, लांडगी, सगळी एकाच पेनाच्या एकाच वीणेतून निघतात. संतासाठी वेगळा ब्रश नाही, ड्रॅगनसाठी वेगळी शाई नाही.

माझे उत्तर इथे आहे. बाजारात जी कृती चालते ती अशी: टपोरे डोळे घ्या, त्यांत सुळे मिसळा, झाले सुंदर-भीषण पात्र. अशा पात्रात प्राध्यापक म्हणतात तशी चाकरी खरोखर चालू असते. स्टेफनी मायरच्या 'ट्वायलाइट' मालेतले (पहिली कादंबरी २००५) लांडगे पाहा. ते किलियूट या खऱ्याखुऱ्या मूलनिवासी जमातीचे तरुण म्हणून दाखवले आहेत. त्या जमातीत लांडग्यापासून उत्पत्तीची कथा आहे, पण या मालेतले रूपांतर लेखिकेने रचलेले. पडद्यावर ते उघड्या छातीचे देखणे पोर झाले. त्यांचे भय कशाचे? रागाचे. भूक नाही, जमीन नाही, इतिहास नाही. दुसऱ्याच्या लोकांना सुंदर लांडगा करून विकणे आणि दारात उभे राहून लांडगा म्हणणे यांत मला फार अंतर दिसत नाही.

कॅरन स्वतःला काढते. तिला मुली आवडतात हे तिला उमगू लागले आहे, शाळेत तिची चेष्टा होते, जिवलग मैत्रीण तुटली आहे, आई कर्करोगाने आजारी आहे. पुस्तक उघडते ते स्वप्नाने: तिच्या अंगावर केस उगवतात आणि जमाव तिला मारायला येतो. तरीही तिला लांडगी व्हायचेच आहे. कोणी तरी खऱ्या राक्षसाने चावावे, मग आपण घरच्यांना चावू, म्हणजे कोणी मरणार नाही, असा तिचा हिशेब आहे. सुळे तिला आईसाठी हवेत. ज्या सुळ्यांनी जमाव घाबरतो तेच सुळे वाचणाऱ्याला लोभस वाटतात, कारण आपण ते आतून पाहतो. एकच सुळा, दोन जागा. विश्वनाथाचा रसिक एकाच जागी बसलेला होता.

तरी मला या पुस्तकाशी भांडण आहे. कॅरन कधी कधी फार गोंडस होते. सुळे लहान, नजर ओली, कोट ढगळ. तिची भीती वाटण्याची शक्यताच संपते. क्रानाखच्या चित्रातले मेलेले मूल मायने सोडले नाही. फेरिस मात्र आपल्या लांडगीच्या हातून काही वाईट घडू शकेल हे पुरते मान्य करीत नाही. चांगले राक्षस आणि वाईट राक्षस अशी वाटणी कॅरन करते. दहा वर्षांच्या मुलीने ती करावी. लेखिकेने तिच्यावर विसंबू नये.

हा आक्षेप घेताना मी स्वतःला बाहेर ठेवत नाही. १९७२ साली मुंबईत आमच्या तरुणांनी 'पँथर' हे नाव घेतले ते अमेरिकेतल्या काळ्यांच्या चळवळीवरून. त्या नावाचे मूळ एका चित्रात आहे. अलाबामा राज्यातल्या लाउन्डस् काउंटीत काळ्या मतदारांनी १९६६ च्या निवडणुकीसाठी आपला पक्ष काढला, आणि मतपत्रिकेवर अक्षर न येणाऱ्यालाही ओळखू यावे म्हणून झेपावणारा काळा पँथर हे चिन्ह घेतले. गोऱ्यांच्या पक्षाचे चिन्ह पांढरा कोंबडा होते. तो पँथर गोऱ्या जमीनदाराला भीषण दिसला आणि कापूस वेचणाऱ्या बाईला सुंदर, रेघ तीच असून. पण आम्ही निवडला तो प्राणीही तुकतुकीत अंगाचा, डौलदार होता. माझ्या आज्याचा चेहरा त्यात बसत नाही. त्याचे जाड ओठ, पिंजारलेले केस आणि उन्हाने लाल झालेले डोळे घेऊन कोणी पँथर काढलेला मी पाहिला नाही.

कादंबरीत एका ठिकाणी कॅरनचा भाऊ तिला आरशासमोर धरतो. तू लांडगी नाहीस, बघ, असे त्याचे म्हणणे आहे. त्याचे तिच्यावर प्रेम आहे यात शंका नाही. आरशात आपल्याला तिचा माणसाचा चेहरा दिसतो, एका साध्या पोरीचा, घाबरलेला. ते पान उघडले की मला ठरवता येत नाही की तो तिला काही देतो आहे की तिचे काही काढून घेतो आहे. वर्गात मी ते पान विद्यार्थ्यांना दाखवले. अर्धा वर्ग भावाच्या बाजूने बोलला. मागच्या बाकावरची एक मुलगी तेवढ्यात बॉलपेनाने वहीत काही तरी काढीत होती. मी जवळ गेलो तेव्हा तिने वही मिटली. मी काय काढलेस ते विचारले नाही.