‘अस्तु’ : चन्नम्मा आणि आपल्या मावशी

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ (२०१३) शॉमबर्गच्या आमच्या बेसमेंटमध्ये नुकताच दुसऱ्यांदा पाहिला. संस्कृतचे गाढे पंडित चक्रपाणी शास्त्री (डॉ. मोहन आगाशे) यांना अल्झायमर झाला आहे. मुलगी इरा त्यांना गाडीत बसवून दुकानात जाते आणि तेवढ्यात ते रस्त्यावरच्या हत्तीमागे चालू लागतात. आपल्या वुडफील्ड मॉलच्या पार्किंगमध्ये हत्ती नसतो, एवढाच काय तो फरक!

माहुताची कन्नड बोलणारी बायको चन्नम्मा या अनोळखी म्हाताऱ्याला लेकरासारखं सांभाळते. अमृता सुभाषला या भूमिकेसाठी राष्ट्रीय पारितोषिक मिळालं, ते सार्थच. आगाशे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ असल्यामुळे की काय, आजाराचं प्रदर्शन कुठेही होत नाही.

वडील पूर्वी कोण होते हे इराला ठाऊक आहे, म्हणून तिला जड जातं. चन्नम्माला ते ठाऊक नाही, म्हणून सोपं. हे पटतं. पण चन्नम्माची गाठ थोड्या वेळाची! पुण्यात माझ्या आईजवळ ब्युरोच्या मावशी रोज बारा तास असतात, पगार मी इथून पाठवतो. त्यांची माया आणि तो पगार यांचा हिशोब कसा मांडायचा, याला सिनेमा फारसा हात घालत नाही. मुलीची घालमेल तो बारकाईने दाखवतो, मावशींची पाठदुखी नाही.

तरी सिनेमा चुकवू नका. आईवडील सहा महिन्यांसाठी इथे आले असतील, तर त्यांच्याबरोबर बघायचा की ते परत गेल्यावर, हे मात्र ज्याचं त्याने ठरवावं.