'एल शद्दाय' आणि आपली उपासना

अमेरिकन गायिका एमी ग्रँट यांच्या 'एज टू एज' (१९८२) या संग्रहातील 'एल शद्दाय' आम्हांस विशेष भावले. मायकेल कार्ड व जॉन थॉम्पसन यांच्या या रचनेत परमेश्वराची हिब्रू नावे अनुवादाविना येतात, आणि अब्राहामापासून ख्रिस्तापर्यंतची तारणकथा उलगडते. ती नावे उच्चारताना गायिका स्वतः मागे सरते. लोकप्रिय संगीतात हे दुर्मीळच. 'फॅट बेबी'त दुधावरच समाधान मानणाऱ्या प्रौढ श्रद्धावंताची थट्टा आहे. (इब्री लोकांस पत्राचा पाचवा अध्याय आठवावा!) ती आम्हां धर्मगुरूंनाही झोंबते.

मात्र तरुण गायकवृंद 'एल शद्दाय' मिस्साबलीत गाऊ इच्छितात, तेथे आम्ही थबकतो. ध्रुवपद सर्वांना पेलेल. कडवी एकट्या कंठाचीच आहेत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत भाविकांचा सक्रिय सहभाग मागितला आहे. कडव्यांच्या वेळी सारे मंदिर नुसते ऐकत बसणार असेल, तर हे गीत मिस्सानंतर गावे.