आर्दबीलचा गालिचा : ‘पूर्ण’ कलाकृतीची समीक्षा

गालिचा पाहताना आपली नजर प्रथम नक्षीवर जाते. गालिच्याची नक्षी मात्र एकेका गाठीने आकाराला येते. म्हणून समीक्षा करताना नक्षी, विणकाम आणि त्या वस्तूचा पुढील प्रवास या तीनही गोष्टी विचारात घ्याव्या लागतात. इराणमधील आर्दबीलचा गालिचा हे याचे उत्तम उदाहरण होय.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील हा गालिचा सुमारे १०.५ मीटर लांब व ५.३ मीटर रुंद आहे. ताणा-बाणा रेशमाचा असून त्यावर रंगीत लोकरीच्या गाठी मारल्या आहेत. दर चौरस इंचात सुमारे ३४० गाठी आहेत. गाठी इतक्या बारीक असल्यामुळेच वेलींची वळणे कोठेही तुटक वाटत नाहीत. मध्यभागी पिवळे पदक, भोवती १६ लंबगोल आणि दोन टोकांना दोन दिवे अशी रचना आहे. हे दिवे लहानमोठे आहेत. लहान दिव्याच्या बाजूने पाहणाऱ्याला ते सारखे दिसावेत, असा हेतू काही जण सांगतात. परंतु तो सिद्ध झालेला नाही.

गालिच्यावर हिजरी ९४६, म्हणजे इ. स. १५३९-४० हे वर्ष आणि मकसूद काशानी हे नाव विणलेले आहे. लाखो गाठी मारणाऱ्या कारागिरांची नावे मात्र त्यावर नाहीत.

विल्यम मॉरिस यांच्या शिफारशीनंतर संग्रहालयाने १८९३ मध्ये २,००० पौंडांना तो विकत घेतला. मुळात असे दोन जुळे गालिचे होते. दोन्ही जीर्ण झाले, तेव्हा एकाचे भाग कापून दुसऱ्याची डागडुजी करण्यात आली. कापलेला गालिचा आज काठांविना लॉस एंजेलिसच्या संग्रहालयात आहे.

आता विचार करा : लंडनच्या गालिच्याला आपण ‘पूर्ण’ म्हणतो, ती पूर्णता कोणाची? रचनेचा तोल मूळ कलावंताचा आहे, याबद्दल शंका नाही. परंतु आज दिसणारी अखंडता एकोणिसाव्या शतकातील बाजाराने घडवली आहे. तिची किंमत जुळ्या गालिच्याने मोजली. या दोन गुणांची गल्लत झाली, तर समीक्षा केवळ कौतुक होऊन बसते.

स्वाध्याय : काश्मीर किंवा भदोहीचा एखादा गालिचा उलटा करून पाहा. मागच्या बाजूच्या गाठींवरून त्याच्या नक्षीविषयी काय सांगता येईल?