युरोपचा ‘कंपास’ : एक टीकात्मक वाचन

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं, ‘सर, रूसो वगैरे ठीक आहे, पण आज त्याचं काय करायचं?’ प्रश्न रास्त होता. म्हणून आज रूसोला सोबत घेऊन एक सरकारी दस्तऐवज वाचू या. त्याचं नाव ‘स्ट्रॅटेजिक कंपास’. युरोपीय संघाच्या २७ देशांनी २१ मार्च २०२२ रोजी तो संमत केला. आपल्या सामायिक सुरक्षेची पुढच्या काही वर्षांची दिशा त्यांनी त्यात आखली आहे.

आधी गुण सांगतो. असे दस्तऐवज बहुधा गुळमुळीत असतात, हा तसा नाही. कृती, सुरक्षा, गुंतवणूक आणि भागीदारी असे त्याचे चार भाग आहेत आणि पुष्कळ कामांना मुदती घातलेल्या आहेत. त्याची तयारी २०२० मध्ये सर्वांनी मिळून केलेल्या धोक्यांच्या विश्लेषणापासून सुरू झाली. मसुदा जवळजवळ तयार असताना २४ फेब्रुवारीला रशियाने युक्रेनवर चढाई केली, आणि महिन्याभराच्या आत त्यांना तो सुधारून घ्यावा लागला. एवढी चपळाई या संघाकडून कुणी अपेक्षिली नव्हती.

आता दोष. त्यात २०२५ पर्यंत ५,००० सैनिकांचं जलद तैनाती दल उभारायचं वचन आहे. ऐकायला बरं वाटतं. पण १९९९ मध्ये हेलसिंकीला याच मंडळींनी काय ठरवलं होतं? ६० दिवसांत ६०,००० पर्यंत सैनिक पाठवता येतील आणि वर्षभर तिथे ठेवता येतील, अशी तयारी २००३ पर्यंत करायची. पुढे सुमारे दीड-दीड हजारांच्या तुकड्या आल्या. २००७ पासून त्या आळीपाळीने सज्ज राहिल्या आणि कंपास लिहिला जाईपर्यंत एकदाही मोहिमेवर गेल्या नाहीत. का? माणसं होती, शस्त्रं होती. पाठवायचं कुणी आणि खर्च कुणी सोसायचा, इथे घोडं पेंड खात होतं. कंपास दलाचा आकार सांगतो, सराव सांगतो, निर्णयात लवचिकता आणू असंही म्हणतो. पण सैनिक पाठवायचे तर मूळ अट तीच राहते : सर्वांचं एकमत.

याला बारभाईंचा कारभार म्हणून हसणं सोपं आहे. मी हसणार नाही. रूसोने मतदानाबद्दल दोन सूत्रं सांगितली आहेत. विषय जितका गंभीर, तितका निर्णय एकमताच्या जवळ असावा. आणि विषय जितका तातडीचा, तितकं थोडं बहुमतही पुरेसं मानावं. बघा हं, सुरक्षेचा प्रश्न एकाच वेळी सर्वांत गंभीरही असतो आणि सर्वांत तातडीचाही. दोन्ही सूत्रं एकमेकांवर आदळतात ती नेमकी इथे. कंपासने या पेचाला थेट हात घालायला हवा होता. तो त्याच्या कडेकडेने जातो.

एकमताची अट वाकवण्याची एक सोय करारात आहे, ‘रचनात्मक तटस्थता’. म्हणजे मी होही म्हणत नाही, अडवतही नाही. २००८ मध्ये कोसोवोच्या मोहिमेवेळी सायप्रसने ती वापरली. चढाईनंतर चारच दिवसांनी संघाने युक्रेनला ४५ कोटी युरोंची शस्त्रं द्यायचं ठरवलं, तेव्हा ऑस्ट्रिया, आयर्लंड आणि माल्टा यांनी तोच मार्ग धरला. म्हणजे नियम तोच असताना चार दिवसांत निर्णय झाला. का झाला? कारण भीती सामायिक होती. एरवी एस्टोनिया पूर्वेकडे बघतो, इटली आणि स्पेन भूमध्य समुद्रापलीकडे. कंपासमध्ये रशिया, दहशतवाद, सायबर हल्ले, हवामान अशा सगळ्यांच्या भीतीला जागा मिळाली आहे. पण साधनं अपुरी पडली तर आधी कुठे धावायचं, हे काही ठरत नाही. सगळ्यांच्या इच्छांची बेरीज म्हणजे सामूहिक इच्छा नव्हे, हे आपण मागच्या वेळी पाहिलं ते हेच.

आणखी एक प्रसंग. १४ डिसेंबर २०२३. युक्रेनशी सदस्यत्वाची बोलणी सुरू करण्याचा निर्णय होता. विषय संघाच्या विस्ताराचा, पण अट एकमताचीच. हंगेरीचे पंतप्रधान ओर्बान विरोधात होते. ते खोलीबाहेर गेले आणि उरलेल्या २६ जणांनी निर्णय घेतला. काम झालं, हे खरं. पण तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून मला हे खटकतं. बाहेर गेलेला माणूस त्या निर्णयाला उत्तरदायी की नाही? उद्या सैनिक पाठवताना कुणी असंच दाराबाहेर उभं राहिलं, तर मेलेल्या सैनिकाच्या आईने जाब कुणाला विचारायचा?

माझं मत स्पष्ट सांगतो. माणसं मरणाच्या तोंडी द्यायची असतील तिथे एकमत राहू द्यावं. छोट्या देशांची भीती खोटी नाही. आयर्लंडने २००१ मध्ये नीस करार नाकारला, आणि लष्करी तटस्थतेची हमी मिळाल्यावर पुढच्या वर्षी स्वीकारला. पण निर्बंध, निवेदनं, नागरी मोहिमा यांसाठी पात्र बहुमत पुरेसं मानावं. लिस्बन करारात तसा दरवाजा ठेवलेला आहे, लष्करी बाबी वगळून. गंमत अशी, की तो उघडायलाही एकमतच लागतं!

रूसोने पोलंडसाठी लिहिताना असंच काहीसं सुचवलं होतं. तिथे संसदेतला एकटा सदस्य सगळं कामकाज बंद पाडू शकत असे. तो नकाराधिकार मुळातून उपटू नका, फक्त पायाभूत कायद्यांपुरता ठेवा, असं तो म्हणाला. लिखाण १७७२ च्या सुमाराचं. त्याच वर्षी पोलंडची पहिली फाळणी झाली आणि १७९५ पर्यंत तो देश नकाशावरून पुसला गेला. नुसत्या नकाराधिकारामुळे गेला असं मी म्हणणार नाही, शेजारी बलाढ्य होते. पण ते दाराशी आले तेव्हा घरातला वाद मिटलेला नव्हता, एवढं नक्की.

थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.